कॉर्नर साईट

परवा खडेबाजारातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात त्या पोरानं मला चक्क हातानं बाजूला सारलं. "सर, तुम्ही जरा थांबा की. यांचं कामाचं हाय."

'यांचं' म्हणजे माझ्या मागच्या मामांचं. शेताचा उतारा, वाटणीपत्र, कोर्टाची नोटीस. माझ्या हातात एक शोधनिबंध, म्हणजे बिनकामाचं. मामांच्या पाठोपाठ एक आधारकार्ड पुढे गेलं, एक जातीचा दाखला गेला आणि एका बाईंची लग्नपत्रिकाही गेली. लग्नपत्रिका! तीसुद्धा मोठी करून.

मशीन तापेपर्यंत मामांनी माझ्या कागदात डोकावलं.

"हे कुठलं लेआऊट ओ?"

पानभर चौकोनांच्या आकृत्या होत्या. म्हटलं, "लेआऊट नाही मामा, गणित आहे."

"असूदे की. साईट तीस-चाळीसची काय?" त्यांनी एका आकृतीवर बोट टेकवलं. वर तीन चौकोन, खाली डावीकडे एकच. "ह्या खालच्याला रस्ता कुठनं?"

बेळगावात साईट, म्हणजे घराचा प्लॉट, विकत घेणाऱ्यांपेक्षा साईटवर सल्ला देणारे जास्त. पण रस्त्याचं विचारणारा मला पहिल्यांदाच भेटला, म्हणून मीही वाहवलो. चार माणसं चार खुर्च्यांवर 24 प्रकारांनी बसतात. या सगळ्या अदलाबदली एकत्र घेतल्या की त्याला सिमेट्रिक ग्रुप म्हणतात. त्याची मूळ, आणखी न फुटणारी रूपं पाच. चारची बेरीज मांडायच्या पाच तऱ्हा (4, 3+1, 2+2, 2+1+1, 1+1+1+1), तितकीच रूपं, आणि प्रत्येकाची एक आकृती. आकृत्यांची ही युक्ती आल्फ्रेड यंगनं 1900 साली काढली. तो पुढे पाद्री झाला. (खेड्यातल्या चर्चमध्ये बसून गणित करणाऱ्याला कोणी रांगेतून बाजूला काढत नसावं.) चारातला एक माणूस उठून गेला तर काय होतं, तेही आकृतीवरून कळतं. कोपऱ्यातला एकेक चौकोन काढून बघायचा.

"मग! कॉर्नर साईटला भाव असतोच," मामा म्हणाले.

आता खरी अडचण. अशा दोन रूपांचा गुणाकार केला की तो परत याच रूपांत फुटतो. कोणतं रूप किती वेळा येतं, तो आकडा म्हणजे क्रोनेकर गुणांक. मामांना खटकलेल्या तीन-एकला त्याच्याशीच गुणलं, तर चार रूपं एकेकदा येतात. एकाखाली एक चार चौकोनांचं पाचवं येतच नाही. आकडा काढता येतो, पण ढीगभर बेरजा-वजाबाक्या करून वर भागाकार करावा लागतो. एवढं करून उत्तर कधी ऋण येत नाही, अपूर्णांकही येत नाही. म्हणजे आपण कसली तरी मोजदाद करतोय. कसली, ते कोणालाच सांगता आलेलं नाही. मर्नाहन नावाच्या गणितज्ञानं 1938 साली या आकड्यांना हात घातला, तेव्हापासून हे असंच आहे. असा सरळ मोजणीचा नियम नसेलच, असंही आता काहीजण म्हणतात.

"1938?" मामांनी चष्मा वर केला. "आमचा सीमाप्रश्न 1956 चा. तुमचा त्याच्याहून थोरला की ओ!"

"हो."

"कोर्टात हाय?"

"नाही."

"मग कसा सुटंल? वकील तरी द्या."

मी शेवटचा पत्ता टाकला. म्हटलं, यात आपलीच माणसं आहेत. केतन मुलमुले आणि मिलिंद सोहोनी यांनी 2001 साली संगणकशास्त्रातल्या एका महाप्रश्नाकडे जाणारी वाट आखली, त्या वाटेवर हे गुणांक लागतात. त्या महाप्रश्नाला दहा लाख डॉलरचं बक्षीस आहे. (गुणांक शून्य आहे की नाही एवढं ठरवणंही संगणकाला भारी पडतं, हे मुलमुल्यांसह तिघांनी 2017 साली दाखवलं. हे मात्र मी गिळलं.)

"मुलमुले कुठले?" हा पहिला प्रश्न. दुसरा, "म्हणजे दहा लाख तुम्हाला मिळणार?"

"नाही. ते त्या दुसऱ्या प्रश्नाला."

मामा थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. "म्हणजे साईट दुसऱ्याची. तुम्ही नुसतं कंपाऊंड घालूलालासा."

दुकानातले सगळे हसले. लग्नपत्रिकावाल्या बाईसुद्धा. मीही हसलो, पण राग आला तो आलाच. मामांचा सव्वा एकराचा खटला त्यांच्या वडिलांनी घातलेला. वकिलाची फी केव्हाच जमिनीच्या किमतीपुढे गेली, हे त्यांनीच सांगितलं. त्यांना कोणी विचारत नाही, याचा उपयोग काय? आम्हाला मात्र सोयरे विचारतात, घरमालक विचारतो, रिक्षावालाही विचारतो. आणि कादंबरी लिहिणाऱ्याला तोच माणूस विचारतो, "पुढची कधी?"

शेवटी पोरानं माझे कागद घेतले. "सर, ह्या पानावर नुसते डबेच हाईत. हे पण काढू?"

"काढ."

मामा पिशवी उचलून पायरी उतरले, तिथून वळून पोराला म्हणाले, "सरांचं जरा कमी लाव रे. लई वर्षांचं अडकलंय."

पोरानं दोन रुपये कमी केले. मी घेतले.