फुलोऱ्यात कीटकनाशक? तो मेसेज आधी डिलीट करा

"सफरचंदाचं पीक दुप्पट करायचे 3 उपाय" हा मेसेज आमच्या काकांनी फॅमिली ग्रुपवर टाकला आणि तासाभरात हिमाचलमधल्या कोटगडहून ताईचा फोन, की हे खरंय का, शेजारी फवारणीची तयारी करतायत. म्हणून लिहितोय.

पहिला उपाय, फुलं पूर्ण उमलली की कीटकनाशक मारा, कारण म्हणे मधमाश्या रस पिऊन फुलं पाडतात. अहो, शिमल्याच्या वरच्या पट्ट्यातले बागवाले एप्रिलमध्ये पैसे मोजून मधमाश्यांच्या पेट्या भाड्यानं आणतात, त्या काय फुलं पाडायला? रॉयल या सफरचंदाच्या जातीला स्वतःच्या परागानं नीट फळ धरत नाही, पराग गोल्डन नाहीतर रेड गोल्ड अशा दुसऱ्या जातीचा लागतो, आणि तो चिकट असतो, वाऱ्यानं फारसा जात नाही, माशीच नेते. सफरचंद आडवं कापून बघा, 5 कप्पे दिसतील, प्रत्येकात साधारण 2 बिया. ज्या बाजूला बी धरलं नाही ती बाजू वाढत नाही, फळ वाकडं होतं आणि बाजारात त्याला भाव मिळत नाही. आणि फुलं गळणारच, शंभरातली 5-10 टिकली तरी झाड लगडतं. हिमाचलमधल्या नौणीचं डॉ. यशवंत सिंह परमार फलोद्यान व वानिकी विद्यापीठ बागवाल्यांना हेच सांगतं की फुलोऱ्यात कीटकनाशक नको. फॉरवर्डवर विश्वास ठेवायचा की त्यांच्यावर, तुम्हीच ठरवा.

थ्रिप्स म्हणजे बारीक फुलकिडे फुलं खराब करतात हे मात्र खरंय, तेवढं मान्य. पण त्याची फवारणी कळी गुलाबी असताना, म्हणजे फूल उमलायच्या आधी, नाहीतर थेट पाकळ्या गळून पेट्या हलवल्यावर.

दुसरा उपाय, फक्त रॉयल ठेवा, बाकी झाडं तोडा. वर सांगितलं तेच, मग पराग कुठून येणार? ज्यांच्याकडे गोल्डन कमी आहे ते दुसरीकडून फुललेल्या फांद्या आणून पाण्याच्या बाटलीत घालून झाडांना टांगतात, आणि हे म्हणतात तोडा!

तिसरा, फुलोऱ्यात थंडी पडली की टायर जाळा, म्हणे धुरानं ऊब टिकते. धुरानं ऊब अडून राहत नाही, ज्वाळेनं जवळपास थोडी मिळते तेवढीच, आणि ते विषारी काळं सगळं आपल्याच छातीत जातं. पूर्ण फुलोऱ्यात उणे 2.2 अंशाला साधारण 10 टक्के फुलं मरतात, उणे 3.9 ला 90 टक्के, म्हणजे दीड-दोन अंशांचाच खेळ आहे. बागेत थर्मामीटर टांगा, आणि पाणी असेल तर दुपारीच जमीन ओली करून ठेवा, ओली जमीन दिवसाची ऊब जास्त धरते.