‘गेट ऑफ’ म्हणजे उतरणे, बास?

‘शंभर फ्रेझल व्हर्ब्ज’च्या पीडीएफ वाटणाऱ्या स्पोकन इंग्लिशवाल्यांना संध्याकाळच्या कल्याण फास्टमध्ये कोंबा आणि म्हणावं, उतरा आता दादरला! ‘गेट’ला ‘ऑफ’ किंवा ‘डाउन’ जोडून होतात तशी शंभर जोड-क्रियापदं, प्रत्येकासमोर एकच मराठी शब्द, करा पाठ. ‘गेट ऑफ – उतरणे.’ अहो, पण कशातून?

लोकल, बेस्टची बस, विमान, भाऊच्या धक्क्याची लाँच, म्हणजे ज्यात उभं राहून चालता येतं, त्यातून ‘गेट ऑफ’. रिक्षा, टॅक्सी, कार, जिथं वाकून आत शिरावं लागतं, तिथं ‘गेट आउट ऑफ’. सायकल नि बाइकवर आपण स्वार होतो, म्हणून पुन्हा ‘गेट ऑफ’. एवढं सांगायला दोन मिनिटं लागतात, पण नाही सांगणार! आपलं ‘उतरणे’ मात्र सगळीकडे खपतं. गाडीतून उतरतो, ताप उतरतो, चेहरासुद्धा उतरतो. मग पोरं गोंधळणार नाहीत तर काय?

त्यातून ‘गेट डाउन’. भारतात ते सर्रास चालतं, त्यावरून कुणाला फासावर द्यायला नको. पण लंडनवाल्याला ते ‘खाली वाक’ किंवा ‘टेबलावरून खाली ये’ असं ऐकू येतं. वर ‘दादरला’मधल्या ‘ला’चं भाषांतर ‘टू’ केलं की संपलंच. ‘गेट डाउन टू वर्क’ म्हणजे नेटानं कामाला लागणं, मग ‘गेट डाउन टू दादर’ म्हणजे काय, दादरला जुंपणं? स्टेशनाला ‘ॲट’ लावा: ‘गेट ऑफ ॲट दादर’. गाडीचं नाव घ्यायचं तर ‘गेट ऑफ द ट्रेन’, मध्ये ‘फ्रॉम’ घुसडू नका.

बरं, ‘व्हॉट टाइम डू यू गेट ऑफ?’ असं सहकाऱ्यानं विचारलं तर तो स्टेशन विचारत नाहीये, कामावरून कधी सुटता ते विचारतोय. टीसीनं पकडलं आणि दंडावर भागलं, तर ‘गॉट ऑफ विथ अ फाइन’. फोन ठेव म्हणायला ‘गेट ऑफ द फोन’. गर्दीत कुणी अंगावर रेललं, तर ‘गेट ऑफ मी!’ (‘गेट ऑफ ऑन’ हा निराळाच, जरा चावट प्रकार आहे. इंटरव्ह्यूत तो तोंडातून निघू देऊ नका.)

आणि शब्दांचा क्रम? तो तर कुणी शिकवतच नाही. शर्टावरचा डाग काढायचा तर ‘गेट इट ऑफ’. ‘गेट ऑफ इट’ म्हटलंत, की डाग राहतो तिथंच आणि समोरच्याला वाटतं, आपल्याला शर्टावरून उतरायला सांगताहेत.

पीडीएफमध्ये काय, तर ‘उतरणे’. पुढचा शब्द.