न सांगता तुटणारे भाग आधी

मागच्या आठवड्यात माझी २०१८ ची पेट्रोल गाडी ६०,००० किलोमीटरच्या सर्व्हिसिंगला दिली, तेव्हा सकाळी अकराच्या सुमारास वर्कशॉपमधून एस्टिमेट आले. त्यात ऑइल आणि ऑइल फिल्टरशिवाय एअर फिल्टर, चार स्पार्क प्लग, फॅन बेल्ट, इंजिन फ्लश आणि थ्रॉटल बॉडीची सफाई एवढे सगळे धरून साडेचौदा हजारांचा आकडा होता आणि खाली एकच ओळ होती, ‘कृपया मंजुरी द्या.’ असा मेसेज कामाच्या गडबडीत आला की माणूस ‘ओके’ लिहून मोकळा होतो, कारण इंजिनाच्या बाबतीत धोका पत्करायची कोणाची तयारी नसते. मीही कित्येक वर्षे तेच केले. या वेळी मात्र अर्ध्या दिवसाची रजा टाकून वर्कशॉपमध्ये गेलो, आणि तिथे जे पाहिले त्यावरून काही गोष्टी सविस्तर लिहाव्याशा वाटतात.

माझे म्हणणे असे आहे की, इंजिनातला एखादा भाग बदलायचा की नाही हे ठरवताना तो बिघडण्यापूर्वी काही लक्षण दाखवतो का, आणि बिघडलाच तर आपल्यासोबत आणखी कशाकशाचे नुकसान करतो, हे सर्वांत आधी विचारले पाहिजे. लक्षण दाखवणारा भाग डोळ्यांनी पाहून, हाताळून बदलता येतो. न सांगता तुटणारा भाग मात्र वरून धडधाकट दिसत असला तरी मुदत भरली की बदललाच पाहिजे. आपल्याकडे बहुतेक वेळा नेमके उलटे घडते.

हे मला कळले ते मामांच्या गाडीमुळे. त्यांनी एक जुनी हॅचबॅक सेकंडहँड घेतली होती आणि तिच्या इंजिनाला टायमिंग चेन नसून टायमिंग बेल्ट होता. दरवर्षी ऑइल, दर दोन वर्षांनी प्लग, पावसाळ्यापूर्वी वायपर, असे सगळे ते मनापासून करत, पण बेल्टचा विषय कधी निघाला नाही, कारण बेल्टने कधी आवाज केला नाही. एक लाख किलोमीटर उलटून गेल्यावर खंबाटकी घाट चढताना गाडी अचानक बंद पडली. मामांनी सेल्फ मारला तर इंजिन नेहमीपेक्षा हलके, मोकळे फिरत होते. टायमिंग बेल्ट क्रँकशाफ्टची (पिस्टनच्या वरखाली होण्याने फिरणाऱ्या मुख्य दांड्याची) गती कॅमशाफ्टपर्यंत (व्हॉल्व्हची उघडझाप करणाऱ्या दांड्यापर्यंत) पोचवतो आणि पिस्टन वर येण्याच्या वेळी व्हॉल्व्ह मिटलेले राहतील हे सांभाळतो. तो तुटला की कॅमशाफ्ट जागच्या जागी थांबतो, पिस्टन मात्र आणखी काही फेरे वरखाली होत राहतात, आणि ज्या इंजिनांत या दोघांच्या मार्गात पुरेसे अंतर ठेवलेले नसते तिथे पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर जाऊन आदळतात. व्हॉल्व्ह वाकले, सिलिंडर बंद होईनात, म्हणून कॉम्प्रेशन (आतली हवा दाबली जाणे) गेले आणि म्हणूनच इंजिन हलके फिरत होते. इंजिनाचे हेड (व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) उतरवावे लागले आणि अडतीस हजार खर्च आला. टेन्शनर आणि आयडलरसह (बेल्ट ताणून धरणाऱ्या आणि वळवणाऱ्या चाकांसह) बेल्ट वेळेवर बदलला असता तर सात हजारांच्या आत काम झाले असते. तुटलेला बेल्ट मी हातात घेऊन पाहिला. पाठ अगदी गुळगुळीत होती, एकही चीर नव्हती, फक्त एका ठिकाणी दात मुळापासून उपटून निघाले होते. वरचे कव्हर काढून नुसते पाहिले असते तरी कोणीही ‘चांगला आहे’ असेच म्हटले असते.

म्हणून आपल्या गाडीला चेन आहे की बेल्ट, हे प्रत्येकाला माहीत असले पाहिजे असे मला कळकळीने वाटते. बेल्ट असेल तर मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि वर्षे अशा दोन्ही मर्यादा पाहाव्यात आणि जी आधी भरेल ती पाळावी, कारण रबर गाडी उभी असतानाही म्हातारे होते. वॉटर पंप त्याच बेल्टवर चालत असेल तर तोही त्याच वेळी बदलणे मला शहाणपणाचे वाटते, कारण अशा कामात मोठा खर्च उघडण्या-जोडण्याच्या मजुरीचा असतो. चेनला अशी मुदत नसते, पण तिची सगळी भिस्त ऑइलवर असते. ऑइल रखडवले की चेन आणि टेन्शनर झिजतात, आणि थंड इंजिन सुरू करताना पहिले काही क्षण खडखड ऐकू येते. म्हणजे चेन निदान लक्षण तरी दाखवते.

आता माझ्या गाडीकडे येतो. वर्कशॉपचे सल्लागार म्हणाले, “सर, प्लग संपलेत.” मी म्हटले, काढून दाखवा. माझ्या गाडीला साधे निकेलचे प्लग आहेत, त्यांची मुदत ४०,००० किलोमीटर आहे आणि ते ४०,००० लाच बदललेले होते. इंजिन गार झाल्यावर चारही प्लग निघाले तेव्हा टोकांचा रंग फिकट बदामी होता, काजळी नव्हती, ऑइलचा ओलावा नव्हता आणि गेजने मोजलेला टोकांमधला गॅप मर्यादेत होता. निरोगी प्लग असाच दिसतो. ते परत बसवले.

एअर फिल्टर उजेडासमोर धरला तर घड्यांमधून प्रकाश येत होता. कागदी फिल्टरवर थोडी धूळ बसली म्हणजे तो वाया गेला असे नसते, उलट थोडी धूळ बसलेला फिल्टर बारीक कण नव्यापेक्षा जास्त अडवतो. शिवाय इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत आत येणाऱ्या हवेच्या हिशोबानेच इंधन सोडले जाते, त्यामुळे फिल्टर खरोखर तुंबला तर ॲव्हरेजच्या आधी पिकअप कमी झाल्याचे जाणवते. खडीच्या किंवा कच्च्या रस्त्याने रोज जाणाऱ्याने तो मुदतीपूर्वीच बदलावा. मला घाई नव्हती.

फॅन बेल्टच्या, म्हणजे इंजिनाबाहेरून अल्टरनेटर वगैरे फिरवणाऱ्या बेल्टच्या, बाबतीत मात्र जपून बोलले पाहिजे. जुन्या रबराचे बेल्ट म्हातारे झाले की त्यांना चिरा पडत, म्हणून चिरा नसल्या तर बेल्ट चांगला, असा आपला समज झालेला आहे. हल्लीचे ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचे बेल्ट चिरा न पडताच झिजतात आणि त्यांच्यावरच्या लांबट उंचवट्यांमधल्या खाचा रुंद होत जातात, ते गेज लावूनच कळते. माझा बेल्ट गेजमध्ये उतरला, म्हणून ८०,००० पर्यंत ठेवला. इंजिन फ्लशचा, म्हणजे रसायन घालून इंजिन आतून धुण्याचा, उल्लेख माझ्या मॅन्युअलमध्ये कुठेही नाही, म्हणून तो केला नाही.

ऑइलच्या बाबतीत मात्र कसलीच काटकसर नको. बारा महिने झाले की किलोमीटर कितीही कमी असोत, ऑइल आणि फिल्टर बदलावा. ड्रेन प्लगचा वॉशरही दर वेळी नवा घालून घ्यावा. त्याची किंमत अगदी किरकोळ असते. घर ते ऑफिस पाच किलोमीटर जाणाऱ्या गाडीचे इंजिन पूर्ण तापतच नाही, त्यामुळे ऑइलमध्ये उतरलेले पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही. मॅन्युअलमध्ये ‘खडतर वापर’ म्हणून जे वर्णन असते, म्हणजे धूळ, कमी अंतराच्या फेऱ्या आणि सतत थांबत-चालत जाणे, ते पुण्यातल्या बहुतेक गाड्यांना लागू पडते, आणि त्यासाठी वेगळे, कमी अंतराचे वेळापत्रक दिलेले असते. ते पान कोणी उघडत नाही. कूलंटही असेच. त्याचा रंग छान दिसत असला तरी आतली गंजरोधक द्रव्ये संपलेली असू शकतात. माझ्या कूलंटची किलोमीटरची मर्यादा दूर होती पण वर्षांची भरली होती. ते यादीत नव्हते, मी सांगून बदलून घेतले. आणि रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी कृपा करून कोणी घालू नये. त्यातले क्षार आत थर धरतात.

पण सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट बॉनेट उघडल्यावर नाकाला कळली. पेट्रोलचा मंद वास येत होता. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आता सगळीकडे मिळते आणि माझी गाडी १ एप्रिल २०२३ पूर्वीची, म्हणजे अशा पेट्रोलला चालणारे भाग नव्या गाड्यांत येण्याआधीची आहे, म्हणून इंधनाची रबरी नळी पाहायला मी आवर्जून सांगितले. जुन्या काही गाड्यांत असे पेट्रोल २० ते ३० हजार किलोमीटर वापरल्यावर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, असे पेट्रोलियम मंत्रालयानेही २०२५ मध्ये म्हटले आहे. मेकॅनिक दादांनी टॉर्च धरून नळीवर बोट फिरवले आणि क्लॅम्पजवळ बोट ओले झाले. नळीचे तोंड फुगून मऊ पडले होते. हे इथेनॉलमुळे झाले की बॉनेटखालच्या उष्णतेत आठ वर्षे काढल्यामुळे, हे मी सांगू शकत नाही. कदाचित दोन्ही. पण गरम इंजिनाशेजारी पेट्रोल झिरपणे म्हणजे काय होऊ शकते हे सांगायला नको, आणि साडेचौदा हजारांच्या त्या यादीत काहीशे रुपयांच्या या नळीचा उल्लेख नव्हता. मला राग आला तो पैशांमुळे नव्हे. बदलण्याची यादी झाली होती, तपासणी झालीच नव्हती.

शेवटी बिल सात हजारांच्या आसपास झाले. त्यात नळी आणि कूलंट दोन्ही होते.

परवा भाची एक २०१२ ची गाडी पाहून आली. टायमिंग बेल्ट बदललेला आहे असे मालक म्हणतात, पण बिल सापडत नाही. मी तिला सांगितले की बिल नसेल तर बेल्ट बदललेला नाही असेच धर, बेल्ट-टेन्शनरचा खर्च किमतीतून कमी करून माग, आणि गाडी ताब्यात आली की सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टिमच्या आधी तिला बेल्टसाठी उभी कर.