खुलासा : क्लाउडवर गेलं म्हणजे बॅकअप झाला, असं नाही

लक्ष्मी रोड, तुळशीबागेतल्या दुकानदारांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय : 'ऑनलाइन दुकान क्लाउडवर चढवा, फोटो आणि ऑर्डरी आपोआप कायमच्या सुरक्षित राहतात. वेगळा बॅकअप नको.' हे चूक आहे, आणि दिवाळीच्या तोंडावर महागात पडेल म्हणून लिहितोय.

हेरोकूसारख्या, साइट चालवायला भाड्याने जागा देणाऱ्या क्लाउड प्लॅटफॉर्मवर ज्या डब्यात (म्हणजे तुमच्या साइटला दिलेल्या वेगळ्या कप्प्यात) तुमची साइट चालते, त्याची डिस्क तात्पुरती असते. तो डबा दिवसातून एकदा तरी नव्याने सुरू होतो. नवा कोड चढवला तरीही होतो. तेव्हा अ‍ॅडमिनमधून चढवलेले पैठणीचे फोटो पुसले जातात. ऑर्डरी एसक्यूलाइटमध्ये, म्हणजे त्याच डिस्कवरच्या एका फाइलीत बसणाऱ्या छोट्या डेटाबेसमध्ये, ठेवल्या असतील तर त्याही. घरच्या कॉम्प्युटरवर चाचणी घेताना हे दिसतच नाही, तिथेच माणूस फसतो. म्हणून फोटो अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्रीसारख्या स्वतंत्र स्टोरेजमध्ये आणि ऑर्डरी वेगळ्या डेटाबेसमध्ये हव्यात.

बरं, डेटाबेस वेगळा असला तरी प्रत दुसऱ्या ठिकाणी लागतेच. 10 मार्च 2021 ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं एक अख्खं डेटा सेंटर (सर्व्हर ठेवलेली इमारत) जळालं. बाहेर प्रत नसलेल्या अनेकांचा डेटा परत मिळाला नाही.

साइट करून देणाऱ्याला आजच विचारा : बॅकअप कुठे आहे, आणि तो परत चढवून शेवटचा कधी पाहिलात? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका.