सोरॉरिटी घेतली म्हणून स्पेन सुटत नाही

ऑगस्ट जवळ आला की अमेरिकेतल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपांवर एक निरोप हमखास फिरू लागतो. कुणी वर ‘सावधान’ लिहून पाठवतं, कुणी नुसतेच जोडलेले हात. आशय असा: ‘मुलगी कॉलेजला निघालीय? सोरॉरिटीत शिरू देऊ नका. एकदा शिरली की परदेशातलं सेमिस्टर विसरा. सलग चार वर्षं हजेरी लागते, एक सेमिस्टर चुकलं की नाव कटतं. बाहेर असलं तरी पैसे पूर्ण भरावे लागतात. तिसऱ्या वर्षी त्यांच्याच घरात राहायची सक्ती असते. पद मिळत नाही. परत आल्यावर कुणी ओळख देत नाही. आणि मुळात तिथे अभ्यास कोण करतं?’

मी कॉलेजात असताना सोरॉरिटीत होते आणि आता मिडवेस्टमधल्या एका चॅप्टरच्या, म्हणजे शाखेच्या, मुलींना हिशोबात मदत करते, त्यामुळे ही बिलं आणि हे करार माझ्या नजरेखालून जातात. निरोपातलं बरंचसं अर्धवट आहे, काही सपशेल खोटं आहे. एक मुद्दा मात्र खरा आहे, पण त्यातली खरी मेख निरोप लिहिणाऱ्याला सापडलेलीच नाही.

महाराष्ट्रात बसून हे वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. सोरॉरिटी म्हणजे अमेरिकी कॉलेजांमधल्या मुलींच्या ग्रीक अक्षरांच्या नावाने चालणाऱ्या संघटना. ‘कप्पा अल्फा थीटा’ ही त्यातल्या सगळ्यात जुन्यांपैकी एक, १८७० साली इंडियानात निघाली. राष्ट्रीय कार्यालय एक, आणि कॉलेजागणिक तिचे चॅप्टर. अनेक ठिकाणी चॅप्टरचं स्वतःचं घर असतं, तिथे मुली राहतात, जेवतात, दर आठवड्याला बैठक घेतात.

आता परदेशातल्या शिक्षणाबद्दल. निरोपात ते जणू अख्ख्या सेमिस्टरचंच असतं. ‘ओपन डोअर्स’ हा वार्षिक अहवाल वेगळं सांगतो. २०१८-१९ या वर्षात अमेरिकी कॉलेजांतले सुमारे ३ लाख ४७ हजार विद्यार्थी श्रेयांकांसाठी परदेशी गेले. त्यातले जवळपास ६५ टक्के उन्हाळ्यात किंवा आठ आठवड्यांपर्यंतच्या कार्यक्रमाला गेले. पूर्ण वर्षासाठी गेलेले दोन टक्क्यांच्या आसपास. उन्हाळ्यात बहुतेक चॅप्टरचं कामकाज बंदच असतं. जूनमध्ये सहा आठवडे फ्लॉरेन्सला गेलेल्या मुलीची कुठली बैठक चुकणार? म्हणजे मोठ्या संख्येने जाणाऱ्यांच्या बाबतीत हा वादच उद्भवत नाही. प्रश्न उरतो तो पूर्ण सेमिस्टर बाहेर काढणाऱ्या मुलींचा, आणि पुढचं सगळं त्यांच्यापुरतं.

‘नाव कटतं.’ नाही कटत. दीक्षाविधी झाला की सदस्यत्व जन्मभराचं. नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स ही १९०२ सालची छत्रसंघटना. तिच्या नियमानुसार एका सोरॉरिटीत दीक्षा घेतलेल्या मुलीला त्याच छत्राखालच्या दुसऱ्या सोरॉरिटीत जाता येत नाही. इतकं घट्ट बांधणारी मंडळी चार महिन्यांच्या गैरहजेरीसाठी नाव कापतील कशाला? बाहेर जाणाऱ्या मुलीला तेवढ्या काळापुरता वेगळा दर्जा मिळतो. कुठे त्याला ‘अ‍ॅब्रॉड स्टेटस’ म्हणतात, कुठे ‘इनअ‍ॅक्टिव्ह’. मात्र तो आपोआप मिळत नाही. जाण्याआधीच्या सेमिस्टरमध्ये, ठरलेल्या तारखेच्या आत अर्ज द्यावा लागतो. अर्ज न देता गेलं तर यादीत नाव हजरच राहतं, बैठका चुकत जातात आणि दंड चढत जातो. मग तिकडे स्पेनमधल्या सेव्हियात बसलेल्या मुलीला दंडाचा ईमेल येतो, ती आईला फोन करते, आणि आई ग्रुपवर लिहिते. अशा बातम्या बहुधा असाच प्रवास करतात.

यात एक अपवाद आहे आणि तो आपल्या मुलींना जास्त लागू पडतो. ‘कप्पा फाय गॅमा’ ऑस्टिनला आणि ‘डेल्टा फाय ओमेगा’ ह्यूस्टनला, दोन्ही १९९८ साली दक्षिण आशियाई मुलींनी सुरू केल्या. अशा संघटनांचे चॅप्टर सहसा लहान असतात. दीडशे मुलींच्या चॅप्टरमधून वीस जणी गेल्या तर कुणाला फारसं जाणवत नाही. पंधरांतून चौघी गेल्या तर दिवाळीचा कार्यक्रम कोण उभा करणार, हा खरा प्रश्न असतो. तिथे मनाई नसते, पण डोळे वटारले जातात. शिवाय नव्या मुलींचा प्रवेशाचा काळ प्रत्यक्ष कॅम्पसवर असल्याशिवाय पुरा होत नाही. त्यामुळे प्रवेश आणि परदेश एकाच सेमिस्टरमध्ये कोंबू नये, एवढं पथ्य पाळावं.

‘पैसे पूर्ण भरावे लागतात.’ बिल हातात घेऊन बघा, एकच आकडा नसतो. राष्ट्रीय कार्यालयाची वर्गणी आणि विमा एका ओळीत. चॅप्टरची वर्गणी दुसऱ्या. घराच्या देखभालीचा आकार तिसऱ्या, आणि जेवण चौथ्या, बहुतेक वेळा हीच ओळ सगळ्यात जाड. वेगळा दर्जा मिळाला की सहसा जेवण जातं, चॅप्टरची वर्गणी उतरते किंवा माफ होते, राष्ट्रीय वर्गणी आणि विमा मात्र बऱ्याचदा राहतात. घराच्या देखभालीचा आकार चॅप्टरगणिक बदलतो, तो विचारूनच घ्यावा. म्हणजे शून्य नाही, पण पूर्णही नाही.

पैशांचाच विचार करायचा तर दुसऱ्या बाजूलाही बघा. विद्यापीठाने मान्य केलेल्या कार्यक्रमासाठी सरकारी आर्थिक मदत वापरता येते. पेल ग्रँट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांसाठीची सरकारी मदत, मिळणाऱ्या अमेरिकी नागरिक विद्यार्थ्यांना परदेशातल्या शिक्षणासाठीच्या गिलमन शिष्यवृत्तीतून ५,००० डॉलरपर्यंत मिळू शकतात. बऱ्याच सोरॉरिटींचे स्वतःचे निधी आहेत, त्यातून सदस्यांना शिष्यवृत्त्या दिल्या जातात. हे त्या निरोपात कुठेच नाही.

‘तिसऱ्या वर्षी घरात राहायची सक्ती.’ हाच तो खरा मुद्दा.

सक्ती का असते ते आधी समजून घेऊ. घर बहुधा चॅप्टरच्या नावावर नसतं, जुन्या सदस्यांच्या एका वेगळ्या महामंडळाच्या ताब्यात असतं. त्यावर कर्ज, छप्पर, बॉयलर, आचारी, विमा. खाटा भरल्या तरच हे चालतं. आपल्याकडच्या गृहनिर्माण सोसायटीत फ्लॅटला कुलूप असलं तरी मेन्टेनन्स चुकत नाही, तसाच हा कारभार. म्हणून कुठे दुसऱ्या, कुठे तिसऱ्या वर्षी ‘घरात राहावंच लागेल’ असा नियम असतो आणि करार बहुधा ऑगस्ट ते मे असा अख्ख्या वर्षाचा असतो.

आणि तरीही मुली जातात. कशा, तर जोडीने. आमच्या चॅप्टरमध्ये हिवाळ्यात एक तक्ता फिरतो: डावीकडे ‘फॉल’ (ऑगस्ट ते डिसेंबरचं सत्र), उजवीकडे ‘स्प्रिंग’ (जानेवारी ते मे, म्हणजे वसंतातलं), मध्ये खाटेचा नंबर. डिसेंबरपर्यंत बार्सिलोनात असणारी आणि जानेवारीत एडिंबराला निघणारी, दोघींची नावं एकाच खाटेसमोर. एकीने अर्धं वर्ष भरायचं, दुसरीने अर्धं. घराला खाट भरलेली हवी असते, त्यात कोण झोपतं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. अडचण येते ती बहुतेक जणींना वसंतातच जायचं असतं तेव्हा. मग ‘फॉल’च्या बाजूला खाटा कमी पडतात, ‘स्प्रिंग’च्या बाजूला रिकाम्या राहतात आणि जोडीदार मिळत नाही. अशा वेळी काही ठिकाणी चिठ्ठ्या टाकतात, काही ठिकाणी ज्येष्ठतेने ठरतं, काही ठिकाणी रिकाम्या खाटेचे पैसे मुलीच्याच माथी येतात.

आणि मेख इथे आहे. पुढच्या वर्षाच्या घराचा करार बऱ्याचदा हिवाळ्यात, कधी त्याही आधी, पुढे येतो. परदेशातल्या कार्यक्रमाचं स्वीकृतीपत्र बहुधा त्यानंतर येतं. म्हणजे जायचं नक्की होण्याआधी राहायचं नक्की केलेलं असतं. करारात ‘मान्यताप्राप्त परदेशी कार्यक्रमासाठी मुक्तता’ अशा अर्थाचं कलम असेल तर बिघडत नाही. नसेल तर सही केलेला कागद हा सही केलेला कागद, मग राष्ट्रीय कार्यालयाला कितीही ईमेल करा. बाहेर गेलेल्या मुलीने तिकडच्या खोलीचं आणि इकडच्या रिकाम्या खाटेचं, अशी दोन भाडी भरली असं ऐकलंत तर त्यावर मी अविश्वास दाखवणार नाही. पण तो दोष सदस्यत्वाचा नाही, न वाचलेल्या कलमाचा आहे.

ज्यांना हे झंझट नकोच त्यांच्यासाठी: घरच नसलेले चॅप्टरही पुष्कळ आहेत, विशेषतः मोठ्या शहरांत. आणि न्यू हॅम्पशरचं डार्टमथ कॉलेज बघा. तिथे वर्षाच्या चार सत्रांपैकी कुठली कॅम्पसवर काढायची याची आखणी बऱ्याच अंशी विद्यार्थी स्वतः करतात. दुसऱ्या वर्षानंतरचा उन्हाळा कॅम्पसवर घालवायचा, त्यामुळे इतर कुठलं तरी सत्र जो तो बाहेर. सोरॉरिटीत प्रवेशही पहिल्या वर्षी नाही, दुसऱ्या वर्षी. ‘सलग चार वर्षं हजेरी’ म्हणणाऱ्याने तिथल्या सोरॉरिटी कशा चालतात ते सांगावं.

‘पद मिळत नाही.’ पदांची मुदत अनेक ठिकाणी जानेवारी ते डिसेंबर असते आणि निवडणूक नोव्हेंबरच्या सुमारास. तिसऱ्या वर्षी फॉलमध्ये बाहेर असलेली मुलगी तिथूनच, चॅप्टर परवानगी देत असेल तर स्क्रीनवर भाषण करून, निवडून येऊ शकते आणि जानेवारीत परतून काम हाती घेऊ शकते. वसंतात जाणारीला तिसऱ्या वर्षीची मोठी पदं खरोखरच हुकतात. नव्या मुलींच्या भरतीची प्रमुख व्हायचं असेल तर भरतीच्या आधीचे महिने इथेच काढायला हवेत, त्याला पर्याय नाही. ज्या मुलीला अध्यक्षपद आणि वसंतातलं सेमिस्टर दोन्ही हवं, तिला एक निवडावं लागेल. मला विचाराल तर सेमिस्टर निवडावं. अध्यक्षपदाचा बराचसा वेळ दंडाचे आणि पाइप फुटल्याचे ईमेल वाचण्यात जातो.

‘परत आल्यावर कुणी ओळख देत नाही.’ तुमच्या गैरहजेरीत एक नवी तुकडी आलेली असते आणि तिची नावं माहीत नसतात, इतकंच. तुमच्या तुकडीतल्या बऱ्याच जणी त्याच वर्षी बाहेर असतात.

‘अभ्यास कोण करतं?’ बहुतेक चॅप्टरमध्ये सरासरी गुणांची किमान अट असते आणि ती न पाळल्यास कार्यक्रमांना बंदी, पदाला मनाई. बाहेर जाणाऱ्यांनी एक बारीक गोष्ट लक्षात ठेवावी. बऱ्याच विद्यापीठांत परदेशातले श्रेयांक जमा होतात, पण गुण इथल्या सरासरीत धरत नाहीत, आणि गुणपत्रकही उशिरा येतं. सरासरी अटीच्या काठावर असेल तर परदेशातल्या चांगल्या गुणांनी ती वर निघेल या भरवशावर राहू नये.

राहिला प्रश्न सोरॉरिटी आणि परदेश यांच्या वैराचा. डेलावेअर विद्यापीठाने १९२३ साली आठ विद्यार्थी फ्रान्सला पाठवले, तिथून अमेरिकेत ‘तिसरं वर्ष परदेशात’ ही प्रथा रुजली. त्याच काळात अमेरिकी विद्यापीठांतल्या स्त्रियांसाठी पॅरिसमधलं रीड हॉल हे केंद्र उभं करणाऱ्यांत व्हर्जिनिया गिल्डरस्लीव्ह होत्या: बार्नर्ड कॉलेजच्या डीन, ‘कप्पा कप्पा गॅमा’च्या सदस्य. पुढे १९४५ साली संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर सही करणाऱ्या अमेरिकी शिष्टमंडळातल्या त्या एकट्या स्त्री. रीड हॉल १९६४ पासून कोलंबिया विद्यापीठाकडे आहे आणि आजही परदेशातलं सेमिस्टर करणारी मुलं तिथे वर्गात बसतात.

निरोपात नसलेली एक गोष्ट, पुण्या-मुंबईहून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेल्या मुलींसाठी. त्यांची खरी अडचण चॅप्टरचं घर ही नसून पासपोर्ट आहे. युरोपातल्या सेमिस्टरसाठी बहुधा त्या देशाचा वेगळा विद्यार्थी व्हिसा काढावा लागतो. स्पेन-फ्रान्ससारख्या देशांत ९० दिवसांहून जास्त राहायचं तर तो अमेरिकी पासपोर्टवाल्यांनाही सुटत नाही, पण भारतीय पासपोर्टवर परत येताना एफ-१ चा शिक्काही जिवंत हवा. ओपीटीसाठी, म्हणजे या व्हिसावर अमेरिकेत काम करण्याच्या तात्पुरत्या परवानगीसाठी, लागणाऱ्या एका शैक्षणिक वर्षात परदेशातला काळ धरला जातो, मात्र त्याआधी अमेरिकेत निदान एक पूर्ण सत्र पूर्णवेळ शिक्षण झालेलं असलं तरच. हे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारायचं, चॅप्टरच्या अध्यक्षेला नाही.

चॅप्टरला काय विचारायचं, तर तीनच गोष्टी: बाहेर गेल्यावर बिलातल्या कुठल्या ओळी राहतात, घराच्या करारात मुक्ततेचं कलम आहे का, आणि अर्जाची शेवटची तारीख कोणती. भरतीच्या शेवटच्या फेरीनंतर लगेच पसंतीच्या बंधनपत्रावर सही करावी लागते, तेव्हा तिथे वेळ नसतो. आधीच्या फेऱ्यांमध्ये, गाणी आणि सरबत चालू असताना विचारा. उत्तर देणारी मुलगी गोंधळली तर तिच्या कोषाध्यक्षेचा ईमेल मागून घ्या.