आडनाव धक्क्यावर पुसलं गेलं नाही

गेल्या गणपतीत एकच मजकूर माझ्याकडे चार वेगवेगळ्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवरून आला. त्याचा सारांश असा: ‘मॉरिशसला नेलेल्या आपल्या मराठी गिरमिटियांची (करारावर उसाच्या मळ्यांत नेलेल्या मजुरांची) आडनावं पोर्ट लुईच्या धक्क्यावर गोऱ्या कारकुनांनी मुद्दाम पुसून टाकली. कागदावर उरला तो फक्त नंबर. सगळ्यांना फसवून पळवलं होतं आणि त्यातला एकही माघारी आला नाही. त्यामुळे वंशजांनी जहाजांच्या याद्या चाळण्यात अर्थ नाही. डीएनए चाचणी केली की गाव कळतं.’ खाली नेहमीप्रमाणे, प्रत्येक मराठी माणसापर्यंत पोहोचवा.

लिहिणाऱ्याची कळकळ खरी असेल. पण हा मजकूर वाचून माणसं शोध सुरू करण्याआधीच हात टेकतात, आणि तेही नेमकं आत्ता. २०२४ च्या मार्चमध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मॉरिशसमध्ये जाहीर केलं, की भारतीय वंशाच्या तिथल्या लोकांना सातव्या पिढीपर्यंत ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिक, हे कार्ड मिळू शकेल. त्यासाठी पूर्वज भारतातून आल्याचा कागद लागतो, म्हणून तिथली तरुण मुलं आज खापरपणज्याचं नाव शोधत आहेत. त्यांना ‘काही मिळणार नाही’ असं सांगणं चुकीचं आहे, आणि मजकुरातला जवळजवळ प्रत्येक मुद्दाही चुकीचा आहे.

आडनावं धक्क्यावर पुसली, हा पहिला आणि सर्वांत लाडका मुद्दा. अमेरिकेतही हीच गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाते, की न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरच्या अधिकाऱ्यांनी लोकांची नावं बदलली. ते केंद्र १८९२ ते १९५४ चाललं. तिथे अधिकाऱ्यांच्या हातात असायची ती प्रवासी यादी, आणि ती जहाज कंपनीने प्रवाशांना जहाजावर घेतानाच युरोपच्या बंदरात भरलेली असायची. बेटावर तिच्याशी माणूस ताडून पाहायचे. मॉरिशसचीही रीत फार वेगळी नव्हती. १८४२ च्या कायद्याने कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून मजूर पाठवायला परवानगी मिळाली, तेव्हा प्रत्येक बंदरात मॉरिशस सरकारचा एजंट बसला. नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव हे इथेच विचारलं आणि लिहिलं गेलं. पोर्ट लुईच्या डेपोत, म्हणजे १८४९ मध्ये बांधलेल्या आणि आज आप्रवासी घाट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागी, त्या यादीवरून माणसं मोजून घेतली आणि मोठ्या नोंदवह्यांत उतरवली. विचारणाऱ्यांत भारतीय दुभाषेही असत.

मग आडनाव का नाही? कारण ते आपल्याच कागदांवर नसायचं. जुने मोडी कागद ज्याने हाताळले आहेत त्याला ‘धोंडू बिन रामजी’ ही लकब ठाऊक असते. धोंडू, रामजीचा मुलगा. कुणब्याची, बलुतेदाराची, गावकामगाराची ओळख सरकारदरबारी एवढीच लिहिली जाई: नाव, बाप, जात, मौजे अमुक. आडनाव गावात असे, पण ते कागदावर आणायची गरज पडत नसे, आणि पुष्कळ कष्टकरी घरांत ते पक्कं ठरलेलंही नसे. जहाजाच्या यादीतली नोंद हीच आपली ‘बिन’ची रीत रोमन अक्षरांत उतरवते. तिच्यातून काही पुसलेलं नाही, उलट बापाचं नाव तिने राखून ठेवलं. आडनाव शोधायला बसलेला माणूस ते नाव ओलांडून पुढे जातो आणि ‘काही नाही’ म्हणतो.

आजची मॉरिशसची आडनावं आली ती मागाहून, तिथे जन्मलेल्या मुलांच्या नोंदीत. तिथल्या नागरी नोंदणीची पद्धत फ्रेंच वळणाची, कारण १८१० मध्ये इंग्रजांनी बेट घेतलं तरी फ्रेंच कायदा तसाच ठेवला. त्या पद्धतीत मुलाला कुटुंबनाव हवंच. बाप धोंडू असेल तर मुलाचं कुटुंबनाव धोंडू. कधी आजोबाचं नाव चढे, तर कधी बापाची नाव-बापनाव अशी जोडी एकत्र जोडून लिहिली जाई. म्हणून मॉरिशसमधली कितीतरी आडनावं ही मुळात कुणा एका माणसाची पाळण्यातली नावं आहेत. रामगुलाम आणि जगन्नाथ, तिथल्या पंतप्रधानांची ही दोन भोजपुरी मुलखातली घराणी, याच चालीची. मराठी घरांतही बाबाजी, रामजी, पांडू ही आडनावं म्हणून सापडतात. यातून एक अडचण उभी राहते, आणि मजकुरातल्या धक्क्यावरच्या गोष्टीपेक्षा ती कितीतरी खरी आहे. दोन सख्ख्या भावांपैकी एकाच्या मुलांना बापाचं नाव चिकटलं आणि दुसऱ्याच्या मुलांना आजोबाचं, तर चार पिढ्यांनी ती दोन वेगळी आडनावं होतात आणि भावकी एकमेकांना ओळखत नाही. दोर तुटतो तो इथे, नोंदणी कचेरीच्या टेबलावर. तो जोडायचा तर त्याच कचेरीचे कागद लागतात: स्वतःचा जन्मदाखला, मग आईबापांच्या लग्नाचा, मग आजोबांच्या मृत्यूचा, असं एकेक पाऊल मागे. थेट जहाजावर उडी मारणारा चुकीच्या धोंडूला पणजोबा करून बसतो.

स्पेलिंगबद्दल थोडं, कारण सगळ्यात जास्त माणसं इथे अडतात. लिहिणाऱ्याच्या कानाला ‘धों’ आणि ‘दों’ सारखेच. त्यामुळे धोंडू हा ‘दोंडू’, विठू हा ‘विटू’, रघू हा ‘रागू’. गावांचंही तसंच: रत्नागिरीचं त्या काळचं इंग्रजी रूप वाचलं तर ‘रटनाघेरी’ होतं. यादी डोळ्यांनी वाचू नका, मोठ्याने वाचा. आणि शोधताना आडनावाच्या अक्षराखाली नाही, त्या माणसाच्या स्वतःच्या नावाच्या अक्षराखाली बघा.

आता नंबर. ‘माणसाचा नंबर केला’ या वाक्यातला राग मला पूर्ण मान्य आहे. तो नंबर मजुराच्या तिकिटावर असे आणि ते तिकीट सतत जवळ बाळगावं लागे. १८६७ च्या मजूर कायद्याने तर करार संपलेल्या जुन्या मजुरांनाही फोटो लावलेलं तिकीट सक्तीचं केलं. ते नसलं की भटक्या म्हणून पकडून नेत. त्या जाचाविरुद्ध १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेवित्झ या मळेवाल्याच्या पुढाकाराने नऊ हजारांवर मजुरांनी अर्ज केला, आणि पुढच्या वर्षी चौकशीसाठी राजआयोग नेमावा लागला. हे सगळं लक्षात ठेवूनच सांगतो, की वंशजाच्या हातात तो नंबर म्हणजे किल्ली आहे. नावं शेकडो माणसांची एकच असतात. नंबर एका माणसाला एकच. जहाजाच्या नोंदीत, लग्नाच्या कागदात, मुलाच्या जन्मनोंदीत तोच नंबर भेटतो. आजोबांच्या लग्नाच्या दाखल्यात ‘भारतीय आप्रवासी क्रमांक’ एवढी ओळ मिळाली, की पुढचा शोध मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत. आप्रवासींच्या मूळ नोंदवह्या तिथेच जपून ठेवल्या आहेत आणि वंशजांना त्यांतून शोध घेता येतो. त्याच १८६७ च्या जुलमी नियमामुळे त्याआधी वीस वर्षं मुंबईहून निघालेल्या माणसाचाही फोटो असण्याची शक्यता उरते: आलेला तरुणपणी, टिपला गेला प्रौढपणी.

मजकुरात बायकांबद्दल अक्षरही नाही. बाईला स्वतःचा नंबर असे, स्वतःची ओळ असे. आपल्या गावच्या जमिनीच्या कागदांत त्या काळातल्या किती बायका त्यांच्या स्वतःच्या नावाने सापडतात? बहुधा ‘अमक्याची विधवा’ म्हणूनच. त्याच काळात बोटीवर चढलेली सोनू किंवा लक्ष्मी मात्र नावानिशी, बापाच्या नावानिशी वहीत आहे. शोध घेणारे बहुतेक जण फक्त बापाकडची ओळ मागे नेतात. पणजीचा नंबर काढा. गावाचा रकाना कदाचित तिच्या ओळीत भरलेला असेल.

त्या रकान्याबद्दल इशाराही द्यायला हवा. ‘मुंबई’ दिसलं म्हणजे मूळगाव मुंबई नव्हे. ते चढण्याचं बंदर असू शकतं, आणि तिन्ही बंदरांत मुंबईहून गेलेले सर्वांत कमी असले तरी ते सगळे मराठी नव्हते. ‘रत्नागिरी’ दिसलं तर आजचा जिल्हा धरू नका. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये वेगळा झाला, त्याआधी मालवण आणि देवगड रत्नागिरीतच होते, सावंतवाडी मात्र जहाजांच्या काळात वेगळं संस्थान. आणि जातीच्या रकान्यात ‘मराठा’ लिहिलं असेल तर ते जात सांगतं की भाषा आणि मुलूख, हे त्या एका शब्दावरून ठरत नाही. गेली काही वर्षं आपल्याकडे कुणबी नोंदींसाठी दप्तरं उपसली जात आहेत, तेव्हा एका कागदावर जातीचा निकाल लावायची सवय लागली आहे. जहाजाच्या यादीला तो भार पेलणार नाही. त्या रकान्यावरून कुणी कुणाची जात ठरवू नये, ही माझी विनंती आहे.

सगळे फसवून नेलेले का? मुकादम थापा मारत, परतीची खोटी आश्वासनं देत, हे खरंच आहे. पण ‘सगळे’ हा शब्द शोधाचं नुकसान करतो. काही जण गावातल्याच माणसाबरोबर, भावकीतल्या दोघाचौघांसह निघाले, म्हणून यादीत आपल्या माणसाच्या वरखालच्या पाच-दहा ओळी जरूर वाचाव्यात. शिवाय मॉरिशसला गेलेला प्रत्येक भारतीय करारबद्ध मजूर नव्हता. १८१५ पासून बंगाल आणि मुंबई इलाख्यातले जन्मठेपेचे कैदी तिथे रस्ते बांधायला पाठवले गेले. खलाशी गेले, व्यापारी गेले. ते मजुरांच्या वहीत मिळणार नाहीत. वहीत नाव नाही म्हणजे माणूस गेलाच नाही, असं होत नाही.

डीएनए चाचणीचं थोडक्यात. ती नातं सांगते, तेही ज्याने चाचणी केली आहे अशा जिवंत माणसाशी. कोकणातल्या एखाद्या वाडीतलं कुणी त्या साठ्यात नसेल तर चाचणी वाडी कुठून सांगणार? ती फार तर प्रदेश सुचवते, आणि प्रदेश तर मॉरिशसच्या मराठी घरांना आधीच माहीत आहे. तिथे आजही झाकरी नाचतात. रत्नागिरीकडच्या माणसाला ती पाहून आपली जाखडी आठवल्याशिवाय राहत नाही.

राहिलं ‘एकही माघारी आला नाही’. १८३४ पासून पुढच्या सुमारे ऐंशी-नव्वद वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास भारतीय मॉरिशसला उतरले, आणि त्यातले साधारण एक तृतीयांश परत आले. कुणी करार संपल्यावर आले, कुणी आजारी पडून. काही जण पुन्हा दुसऱ्या जहाजाने गेले, भाऊ-पुतण्यांना घेऊन. अशा माणसाची पहिली खेप एका यादीत आणि दुसरी दुसऱ्या यादीत असते, वयाचा आकडाही जुळत नाही, आणि शोधणारा गोंधळतो.

म्हणजे शोधाचं काम फक्त मॉरिशसचं नाही, आपल्याकडचंही आहे. परतलेली ही माणसं याच गावांत राहिली. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात मुंबई सरकारची त्या काळची दप्तरं आहेत, गावोगावच्या तहसिलींत जन्म-मृत्यूच्या जुन्या वह्या आहेत, घराघरांत गाठोड्यात बांधलेले मोडी कागद आहेत. ते वाचताना ‘मॉरिशस’ हा शब्द शोधत बसू नका. आपल्या आज्या-पणज्या पांढऱ्या साखरेला मोरस म्हणत, कारण ती त्या बेटावरून येई. गेलेली माणसं ज्या उसात राबली त्याची साखर त्यांच्याच गावच्या डब्यात येत होती, बेटाच्या नावानिशी. जुन्या कागदात ‘मोरसास गेला’ किंवा ‘मोरसाहून आला’ असं काही दिसलं, तर ती ओळ उतरवून घ्या आणि बापाच्या नावासकट तिकडे कळवा.