छाव्याला बाटली कशी धरावी

गेल्या डिसेंबरात मी दक्षिण आफ्रिकेच्या लिम्पोपो प्रांतात, व्हर्वेट माकडांच्या एका पुनर्वसन केंद्रात चार आठवडे स्वयंसेवक म्हणून राहून आले. तेव्हापासून सोसायटीतील मंडळी ‘ताई, आम्हालाही जायचे आहे, जरा मार्गदर्शन करा’ म्हणत मला जिन्यात गाठतात. त्यातच गेल्या रविवारी, तिकडे माझ्याच खोलीत राहिलेल्या एका बाईंचे ‘आफ्रिकेतील माझी प्राणिसेवा’ हे व्याख्यान आमच्या सभागृहात चित्रफितीसह पार पडले. त्यांचा फोन क्रमांक सोसायटीला मीच दिला होता, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. मार्गदर्शन तेवढे करते.

केंद्र निवडताना छायाचित्रांवरूनच निवडावे. प्राणी माणसाच्या मांडीवर बसलेला दिसला, तर ते केंद्र उत्तम समजावे. तो जाळीपलीकडे, दूर आणि पाठमोरा दिसत असेल, तर तेथे आपले पैसे फुकट जाणार हे ओळखावे.

व्हिसाच्या कागदपत्रांविषयी काही सांगत नाही. ज्यांनी ती जमवली आहेत त्यांना ठाऊक आहे.

सर्दी झालेली असताना पिल्लांच्या खोलीत अवश्य शिरावे.

सकाळी कामाची वाटणी होते. पपई, कोबी, संत्री आणि लाल भोपळा यांचे डोंगर चिरणे, पिंजऱ्यातील वाळलेली विष्ठा खरवडणे आणि पाण्याची भांडी घासणे, एवढीच कामे असतात. ती समोर येताच आपण प्राण्यांसाठी आलो आहोत, भाजीसाठी नव्हे, हे ठणकावून सांगावे आणि दुपारपर्यंत डोके धरून झोपावे. आमच्या व्याख्यात्या बाईंचे डोके चारही आठवडे दुखत होते, आणि त्यांच्या वाटचा भोपळा कोणी सोलला हे येथे सांगण्याचे कारण नाही.

सुट्टीच्या दिवशी मात्र डोके दुखायचे थांबते. त्या दिवशी गाडी करून एखाद्या सिंहपालन केंद्रावर जावे, शुल्क भरावे आणि ‘आईने टाकलेल्या’ छाव्याला बाटलीने दूध पाजताना चित्रफीत काढून घ्यावी. त्याची आई कोठे आहे, असे चुकूनही विचारू नये. एकाच केंद्रात वर्षाचे बारा महिने एवढ्या सिंहिणी आपली पिल्ले का टाकतात, असा प्रश्न तर मनातही आणू नये, कारण त्याचे उत्तर फार सोपे आहे. सिंहीण अशी सरसकट पिल्ले टाकत नाही. ती काही दिवसांची असतानाच तिच्यापासून काढून घेतली जातात, म्हणजे ती लवकर पुन्हा माजावर येते आणि पर्यटकांसाठी पुढची खेप तयार होते. छावा काही महिन्यांत मांडीत मावेनासा होतो. मग त्याच्याबरोबर फिरण्याचे पैसे घेतात, आणि आयाळ भरली की कुंपणात सोडून त्याच्यावर गोळी झाडण्याचे. हाडेही वाया जात नाहीत: 2018 साली तेथील सरकारने निर्यातीसाठी सिंहांच्या 1,500 सांगाड्यांचा कोटा ठरवला होता. पुढे न्यायालयाने तो बेकायदा ठरवला. 2021 मध्ये तेथील तेव्हाच्या पर्यावरणमंत्री बार्बरा क्रीसी यांनी बंदिस्त सिंहपैदास थांबवण्याचे धोरण जाहीर केले. तरीही बाटल्या भरल्याच जात आहेत, कारण त्या धरायला आपण रांगेत उभे आहोत. माणसाच्या हातून दूध प्यायलेला तो सिंह रानात कधीच सोडता येत नाही. बाईंनी चित्रफितीखाली लिहिले होते: ‘एका जिवाला जंगलात परत पाठवताना.’

सभागृहात टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, याची मला आजही लाज वाटते.

आमच्या केंद्रात गाडीखाली आई गेलेले व्हर्वेटचे एक पिल्लू होते; काळे तोंड, तळहाताएवढा जीव. कित्येक महिन्यांपासून राहिलेली एक मुलगी त्याला अंगाशी बांधून फिरत असे. एके दिवशी तिने ते जाळीजवळ धरले. आतल्या एका प्रौढ मादीने हात घालून त्याची शेपटी चाचपली. पुढे काही दिवसांनी त्या मादीने त्याला पोटाशी घेतले, आणि ती मुलगी जवळून गेली तरी पिल्लाने मान वळवली नाही. ती पाण्याच्या टाकीमागे जाऊन रडली आणि हात धुऊन कोबी चिरायला आली. केनियात हत्तींची अनाथ पिल्ले वाढवणाऱ्या डॅफ्नी शेल्ड्रिक यांनी हा धडा फार महाग घेतला होता: स्वतःच्या मुलीच्या लग्नासाठी त्या काही दिवस दूर गेल्या, आणि केवळ त्यांचाच लळा लागलेले आयशा नावाचे हत्तीचे पिल्लू त्या अवधीत मेले. म्हणूनच त्यांच्या नैरोबीतील अनाथालयात राखणदार पिल्लांजवळ आळीपाळीने झोपतात.

तुम्हाला प्राण्याने ओळखायला हवे आहे, बिलगायला हवे आहे, आणि हे सारे चित्रफितीत यायला हवे आहे. मग घरी मांजर पाळा. सेवा म्हणून आफ्रिकेत जाऊन एखाद्या सिंहाचे आयुष्य नासवू नका, आणि ते नासवून आल्यावर आमच्यापुढे व्याख्यान देऊ नका. ज्यांना खरेच जायचे आहे, त्यांनी उद्या सकाळी सात वाजता माझ्याकडे यावे. दहा किलो भोपळा आणून ठेवला आहे. सुरी आपली आपण आणावी.